बीएमआयवरून हृदयविकाराची जोखीम कशी ओळखावी: प्रौढांच्या प्राथमिक तपासणीसाठी सविस्तर मार्गदर्शक

गृहनिर्माण संस्थेतले आरोग्य शिबिर असो, कारखान्यातली वार्षिक तपासणी असो किंवा गावातल्या उपकेंद्रावरचा तपासणीचा दिवस असो, रांगेतल्या माणसाला सर्वांत आधी वजनकाट्यावर उभे केले जाते. उंची बहुतेक वेळा विचारून लिहिली जाते, मोबाइलवरचे ॲप बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे हे सांगणारा, आकडा दाखवते आणि तो 25 च्या आत आला की ‘तुमचं सगळं ठीक आहे’ असे सांगून माणसाला पुढे पाठवले जाते. या पद्धतीतले शेवटचे वाक्य सर्वांत धोकादायक आहे. वाढलेला बीएमआय पुढील तपासण्यांची गरज दाखवतो, हे खरे. पण कमी बीएमआय कोणालाही त्या तपासण्यांतून सूट देत नाही, आणि आपल्याकडच्या शरीरयष्टीच्या बाबतीत तर मुळीच देत नाही. शिबिरे भरवणारे कार्यकर्ते, परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि घरच्यांची काळजी घेणारे वाचक या सर्वांना हे माप नीट घेता यावे आणि त्यावरून योग्य तेवढाच निष्कर्ष काढता यावा, यासाठी हा लेख लिहिला आहे.

आकडा काय सांगतो आणि मर्यादा कोणत्या धरायच्या

किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. 165 सेंटिमीटर उंचीच्या आणि 64 किलो वजनाच्या माणसाचा बीएमआय काढायचा, तर 1.65 ला 1.65 ने गुणून 2.7225 मिळतात आणि 64 ला त्याने भागल्यावर 23.5 हा आकडा येतो. हे गुणोत्तर बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले आणि 1972 मध्ये अमेरिकेतील संशोधक ॲन्सेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. केटले यांना लोकसंख्येतील सरासरी माणसाचा अभ्यास करायचा होता. एखाद्या व्यक्तीच्या हृदयाचे निदान करणे हा त्यामागचा हेतू नव्हता. हा आकडा वापरताना त्याचे हे मूळ लक्षात ठेवलेले बरे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गवारीनुसार 18.5 पेक्षा कमी बीएमआय म्हणजे कमी वजन, 18.5 ते 24.9 सामान्य, 25 ते 29.9 अतिरिक्त वजन आणि 30 किंवा त्याहून जास्त म्हणजे लठ्ठपणा. आशियाई लोकांमध्ये कमी बीएमआयलाच मधुमेह आणि हृदयविकार दिसू लागतात, म्हणून संघटनेच्या तज्ज्ञगटाने 2004 मध्ये आशियाई लोकसंख्येसाठी 23 आणि 27.5 हे कृतीचे टप्पे सुचवले. त्यानंतर 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने 23 पासून अतिरिक्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरावा असे ठरवले. आपल्याकडच्या तपासणीत 23 हीच रेषा धरावी. परदेशी बनावटीची बरीच ॲप 25 ची रेषा धरून हिरवा रंग दाखवतात. त्या रंगावर विसंबू नये.

पुण्यातला एक धडा

भारतीय शरीराबद्दलचे यासंबंधीचे महत्त्वाचे संशोधन पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र आणि मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय 22.3 होता. युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण 9.1 टक्के निघाले, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. वजन आणि उंचीच्या हिशेबात सारख्या असलेल्या या दोन माणसांपैकी एकाच्या शरीरात चरबी दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक होती, आणि बीएमआय हा फरक पकडू शकला नाही. हातपाय किडकिडीत पण पोट सुटलेले अशी जी ठेवण आपल्याला घरोघरी दिसते, तिच्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. याज्ञिक यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातील गावांत केलेल्या अभ्यासात तर ही ठेवण नवजात बाळांमध्येही आढळली.

पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठणारी चरबी विशेष घातक असते. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी वाढते, चांगले समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल घटते आणि रक्तदाब चढतो. सुमारे 18 लाख लोकांचा समावेश असलेल्या 97 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. वाढीव बीएमआयमुळे हृदयविकाराची जी जादा जोखीम निर्माण होते तिचा जवळपास निम्मा भाग, आणि पक्षाघाताच्या जादा जोखमीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग, रक्तदाब, कोलेस्टेरॉल व रक्तातील साखर या तीन मार्गांनीच येतो असे त्यात दिसले, आणि या तिघांत रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा होता. म्हणून वजन मोजून जे शिबिर थांबते आणि रक्तदाब मोजत नाही, त्या शिबिराने मुख्य काम केलेलेच नसते.

पहिली पायरी: उंची आणि वजन प्रत्यक्ष मोजा

उंची विचारून लिहू नये. लोक स्वतःची उंची थोडी वाढवून सांगतात, वयस्कर माणसे तरुणपणीची सांगतात, आणि फूट-इंच लिहिण्याच्या सवयीमुळे एक फार मोठी चूक घडते. ‘5.10’ असे लिहिलेले असेल तर लिहिणाऱ्याला पाच फूट दहा इंच, म्हणजे 177.8 सेंटिमीटर अभिप्रेत असतात. पण नोंद करणाऱ्याने त्याचे दशांश समजून 5.1 फूट धरले तर 155.4 सेंटिमीटर होतात. 70 किलोच्या माणसाचा बीएमआय पहिल्या हिशेबाने 22.1 येतो आणि दुसऱ्याने 29.0. नोंदवहीत उंचीचा रकाना सेंटिमीटरचाच ठेवला की हा प्रश्न उरत नाही.

उंची मोजताना चपला काढायला सांगाव्यात, टोपी उतरवून घ्यावी आणि अंबाडा डोक्यावर येत असेल तर तो सोडायला किंवा बाजूला घ्यायला विनंती करावी. टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला टेकलेली असावी, नजर समोर असावी, आणि कानाचे छिद्र व डोळ्याची खालची कड एका आडव्या रेषेत यावी. डोक्यावर ठेवायची पट्टी भिंतीशी काटकोनात असावी. हाताने अंदाजे धरलेली वही चालणार नाही. 150 सेंटिमीटर उंचीच्या आणि 57 किलो वजनाच्या स्त्रीचा बीएमआय 25.3 येतो, अंबाड्यामुळे उंची तीन सेंटिमीटरने जास्त नोंदली गेली तर तोच 24.3 होतो आणि ती एका गटातून दुसऱ्या गटात जाते.

वजनकाटा सतरंजीवर किंवा उंचसखल फरशीवर ठेवू नये, आणि रोज काम सुरू करण्यापूर्वी माहीत असलेल्या वजनाने तो पडताळून घ्यावा. खिशातला मोबाइल, किल्ल्या, जाड जॅकेट हे सगळे बाजूला ठेवायला सांगावे. वजन मोठ्याने पुकारू नये. रांगेत उभ्या असलेल्या शेजाऱ्यांसमोर आपला आकडा ओरडून सांगितला गेलेला माणूस पुढच्या वर्षी तपासणीला येत नाही, आणि ज्यांना आपण बोलावू पाहतो तीच माणसे अशी गळतात.

दुसरी पायरी: कमरेचा घेर

एखाद्या शिबिरात बीएमआय आणि कमरेचा घेर यांपैकी एकच माप घेण्याइतका वेळ असेल, तर मी घेर निवडेन. इंटरहार्ट या 52 देशांतील अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याशी असलेला कंबर-नितंब गुणोत्तराचा संबंध बीएमआयपेक्षा कितीतरी ठळक दिसला. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी आलेला आढळला, तर इतर देशांत ती सरासरी सुमारे 59 होती.

घेर मोजण्यात सर्वाधिक चुका जागा निवडण्यात होतात. पुरुष पँट जिथे बांधतो ती कंबर आपल्याला नको असते, कारण सुटलेल्या पोटाखाली पट्टा बांधणाऱ्या माणसाची ‘चौतीस’ इंचाची पँट पंधरा वर्षांपासून तीच असू शकते आणि पोट मात्र तिच्यावर वाढत गेलेले असते. त्यामुळे पँटचे माप विचारून ते लिहिणे अगदीच चुकीचे ठरते. स्त्रियांच्या बाबतीत परकराची नाडी आणि साडीच्या निऱ्या मापाच्या आड येतात. नऊवारीत तर कमरेभोवती कापडाचे कितीतरी थर असतात. त्यासाठी पडद्याआड स्वतंत्र जागा आणि मोजायला स्त्री कर्मचारी असणे आवश्यक आहे. निऱ्या थोड्या खाली घ्यायला सांगून टेप शक्यतो त्वचेवर, नाहीतर एकाच पातळ कापडावरून लावावा.

माणसाच्या बाजूला उभे राहून बरगडीचे सर्वांत खालचे टोक बोटाने चाचपावे, नंतर खुब्यावरच्या हाडाची वरची कड शोधावी आणि या दोहोंच्या बरोबर मध्ये पेनाने लहानशी खूण करावी. टेप या खुणेवरून सगळीकडे जमिनीला समांतर फिरवावा. पाठीमागे तो खाली घसरलेला नाही ना, हे वाकून पाहावे. पाय जवळ, हात बाजूला सैल, आणि श्वास नेहमीसारखा सोडून झाल्यावर आकडा वाचावा. पुष्कळ जण टेप लागताच पोट आत ओढतात. अशा वेळी त्यांच्याशी दोन वाक्ये बोलावीत, म्हणजे पोट आपोआप सैल पडते. टेप त्वचेला टेकलेला असावा पण रुतलेला नसावा. शिंप्याकडचा जुना कापडी टेप ताणला जाऊन चुकीचे माप देतो, तेव्हा न ताणला जाणारा टेप वापरावा.

भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही इशाऱ्याची मर्यादा आहे. याच्या जोडीला आणखी एक सोपा पडताळा आहे: घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने 2022 पासून हाच निकष सुचवला असून 0.5 ते 0.59 म्हणजे वाढलेली आणि 0.6 किंवा अधिक म्हणजे खूप वाढलेली जोखीम, अशी त्याची विभागणी आहे. ठेंगण्या आणि उंच माणसाला एकच मर्यादा लावण्याचा दोष त्यात बराच कमी होतो.

तिसरी पायरी: रक्तदाब आणि साखर

रक्तदाब घेण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी किंवा तंबाखू घेतलेली नसावी, लघवी तुंबलेली नसावी आणि माणूस किमान पाच मिनिटे शांत बसलेला असावा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवलेला, आणि मोजत असताना दोघांनीही गप्प राहावे. मिनिटभराच्या अंतराने दोन नोंदी घेऊन त्यांची सरासरी लिहावी. इथे बीएमआयचा एक थेट संबंध येतो: जाड दंडाला नेहमीचा लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. पट्ट्यातील फुगणाऱ्या पिशवीने दंडाचा किमान 80 टक्के घेर व्यापला पाहिजे, म्हणून मोठा पट्टा सोबत असायलाच हवा. सरासरी 140/90 किंवा त्याहून जास्त आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून खात्री करण्यासाठी पाठवावे.

बोटातून रक्त काढून केलेली कोणत्याही वेळची साखर 140 (मिलीग्रॅम प्रति डेसीलिटर) किंवा त्याहून जास्त असेल तर उपाशीपोटी किंवा एचबीए1सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या) तपासणीसाठी पाठवावे. उपाशीपोटी 126 किंवा अधिक आणि एचबीए1सी 6.5 टक्के किंवा अधिक या मधुमेहाच्या निदानाच्या रेषा आहेत. लक्षणे नसतील तर एकाच नोंदीवरून निदानाचा शिक्का मारू नये.

चौथी पायरी: सगळी मापे एकत्र वाचा

आपल्याकडे आशा ताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो ‘सीबॅक’ (आजारांची जोखीम गुणांत मोजणारा) फॉर्म भरतात, त्यात बीएमआय नाही, कमरेचा घेर आहे. वय, तंबाखू, दारू, घेर, आठवड्याला 150 मिनिटांपेक्षा कमी व्यायाम आणि घरातला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराचा इतिहास यांना गुण दिले जातात, आणि बेरीज चारपेक्षा जास्त झाली की त्या व्यक्तीला तपासणीत प्राधान्य मिळते. चार किंवा कमी गुण असलेल्यांचीही तपासणी व्हायचीच असते.

चाळीस ते चौऱ्याहत्तर वयोगटासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे 2019 चे जोखीम तक्ते उपलब्ध आहेत. पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता किती टक्के आहे, हे ते रंगांत दाखवतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. प्रयोगशाळेच्या तक्त्यात वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब, मधुमेह आणि एकूण कोलेस्टेरॉल लागते. ज्या ठिकाणी रक्ततपासणीची सोय नाही तिथे दुसरा तक्ता वापरायचा असतो, आणि त्यात मधुमेह व कोलेस्टेरॉल यांच्या जागी बीएमआय घेतलेला आहे. भारतासाठी दक्षिण आशियाचा तक्ता उघडावा, स्त्री-पुरुष आणि धूम्रपान यांनुसार भाग निवडावा, वयाची ओळ, वरच्या रक्तदाबाची ओळ आणि बीएमआयचा स्तंभ जिथे मिळतात त्या चौकोनातला आकडा वाचावा. 5 टक्क्यांखाली हिरवा, 5 ते 10 पिवळा, 10 ते 20 नारिंगी, 20 ते 30 लाल आणि 30 च्या वर गडद लाल, असे रंग आहेत.

तक्ता चाळताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. बीएमआयचा एक स्तंभ ओलांडल्याने आकडा थोडासाच बदलतो. वय, धूम्रपान आणि रक्तदाब यांनी तो झपाट्याने वाढतो. मधुमेह असलेल्या व्यक्तीची जोखीम हा दुसरा तक्ता खूपच कमी दाखवतो, म्हणून अशा व्यक्तीसाठी प्रयोगशाळेचाच तक्ता वापरावा. तंबाखू चघळणे, गुटखा किंवा मिश्री या गोष्टी दोन्ही तक्त्यांत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे त्यांची वेगळी नोंद करणे भाग आहे.

दोन काल्पनिक माणसे शेजारी ठेवून पाहू. पहिला 46 वर्षांचा पुरुष, वर उदाहरणात घेतलेला 165 सेंटिमीटर आणि 64 किलोचा. बीएमआय 23.5, म्हणजे परदेशी मोजपट्टीने सामान्य. घेर 94, उंचीच्या 0.57 पट. रक्तदाब 148/92, साखर 168, रोज तंबाखू मळणारा, दिवसभर बैठे काम, व्यायाम नाही आणि वडिलांना मधुमेह. सीबॅकमध्ये त्याला वयाचे 2, तंबाखूचे 2, घेराचा 1, व्यायाम नसल्याचा 1 आणि कौटुंबिक इतिहासाचे 2 असे 8 गुण होतात. दुसरी 52 वर्षांची स्त्री, 150 सेंटिमीटर, 61 किलो. बीएमआय 27.1, घेर 84, रक्तदाब 118/76, साखर सामान्य, तंबाखू नाही, शेतात रोज राबणारी, घरात कोणाला आजार नाही. तिचे वयाचे 3 आणि घेराचा 1 असे 4 गुण होतात. केवळ बीएमआयवर चालणाऱ्या शिबिरात तिला वजनावरून भाषण ऐकावे लागले असते आणि तो शाबासकी घेऊन घरी गेला असता. तिलाही घेर कमी करण्याचा सल्ला आणि वर्षातून एकदा तपासणी हवीच. पण या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचे आहे ते त्याला.

कोणाला हे मोजमाप लावू नये

गरोदर स्त्रिया, सूज किंवा जलोदर असलेले रुग्ण आणि अवयव गमावलेल्या व्यक्ती यांच्या बीएमआयला या कामात अर्थ नाही. पैलवान आणि अंगमेहनत करणारे यांच्यात स्नायूंमुळे तो वाढलेला दिसतो. साठीनंतर उलट घडते: स्नायू झिजतात, वजन तेवढेच राहते आणि चरबी वाढते, शिवाय पाठ वाकून उंचीही घटते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी वेगळे तक्ते असतात. ज्यांना आधीच झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे त्यांना जोखीम तक्ता लावण्याची गरजच नाही. ते सर्वाधिक जोखमीत आहेत असे धरून त्यांची औषधे नियमित चालू आहेत का, हे विचारावे. चालताना छातीत दुखणे किंवा धाप लागणे अशी तक्रार सांगणाऱ्याला रांगेत उभे न करता थेट डॉक्टरांकडे पाठवावे.

आणखी एका प्रकारच्या माणसाकडे लक्ष वेधतो. ‘काही न करता दहा किलो कमी झालो’ असे समाधानाने सांगणाऱ्याचा बीएमआय आता सुधारलेला असतो. त्याला तहान, वारंवार लघवी, खोकला, ताप यांविषयी विचारावे, कारण बेताल मधुमेह किंवा क्षयरोगानेही वजन असेच उतरते.

पाचवी पायरी: सांगणे आणि पाठपुरावा

निकाल सांगताना ‘तुम्ही लठ्ठ आहात’ असे म्हणण्याऐवजी मोजलेल्या गोष्टींचे आकडे आणि पुढे काय करायचे ते सांगावे. वजनाचे लक्ष्य लहान ठेवावे. शरीराच्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे 64 किलोच्या माणसासाठी सुमारे सव्वातीन किलो उतरले तरी साखर आणि ट्रायग्लिसराइड सुधारतात, आणि साधारण प्रत्येक किलोमागे वरचा रक्तदाब एक अंकाने उतरतो. त्यासोबत दिवसाचे मीठ सर्व मिळून पाच ग्रॅमच्या आत आणावे. लोणचे, पापड आणि फरसाण यांतले मीठही त्यात मोजायचे. आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालावे, आणि तंबाखू पूर्ण सोडावी. रक्तदाबाची किंवा साखरेची औषधे सुरू झाली असतील तर वजन उतरले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्यावी आणि तिच्यावर उंची, वजन, बीएमआय, घेर, रक्तदाबाच्या दोन्ही नोंदी, साखर, तारीख आणि पुढे कोठे जायचे ते लिहावे. सर्व मापे मर्यादेत असलेल्यांना वर्षभराने बोलवावे. ज्यांना पुढे पाठवले आहे त्यांची वेगळी यादी ठेवून दोन आठवड्यांनी फोन करावा आणि ते पोहोचले का, रक्तदाब पुन्हा मोजला गेला का, औषध सुरू झाले का, हे विचारून यादीत नोंदवावे. न गेलेल्यांपैकी बरेच जण रोजंदारी बुडू नये म्हणून थांबलेले असतात. त्यांना संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी तपासणी कोठे होते याची नेमकी माहिती द्यावी.